माशांना माता आली

भोयाच्या घरात जन्मून पाण्याला भिणारा माणूस तापीच्या काठाला आजवर एकच निपजला, तो मी. बाप जाळं टाकायला उतरायचा आणि मी काठावर बसून त्याच्या चपला राखायचो. तेवढं एक काम मला जमायचं. त्यातलीही एक चप्पल एकदा कुत्र्यानं नेली, आणि मी शेजारीच जागा होतो.

तर असल्या माणसाला सरकारनं माशांचा राखणदार केलं.

तेव्हा आमच्या बाजूला नवंनवं माशाचं बी तयार करायचं काम निघालं होतं. नदीच्या काठाला चारपाच मातीची तळी खणली, पत्र्याची एक खोली बांधली, आणि तिथं कोकणातला एक तरुण साहेब आणून बसवला. साहेब बारीक, चष्मेवाला, बोलणं एकदम शाळेतलं. त्यानं मला विचारलं, "भोई का?"

मी म्हणलं, "हो."

"म्हणजे मासे कळतात."

हे त्यानं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. एवढा शिकलेला माणूस सांगतोय तर आपण कशाला त्याला खोटं पाडायचं? मी मान हलवली. झालो राखणदार. साहेबाचा स्वयंपाकही माझ्याचकडे.

तळ्यात मासा होता तो परदेशी. सायपरनस म्हणायचे. तापीचा मासा बघितलेल्या माणसाला तो बघून लाज वाटावी. पोट सुटलेलं, ओठ पुढं काढलेले, मिशीचे दोन केस, आणि दिवसभर चिखलात तोंड घालून उकरत बसायचं. पंगतीत न बोलावता आलेल्या माणसाचा असतो ना, तसा चेहरा. पण त्याची एक गोष्ट साहेबाला आवडायची. आपल्या रोहूसारखे त्याचे नखरे नव्हते, पूर नको, वाहतं पाणी नको. पाण्यात बांबू रोवून त्याला मच्छरदाणीसारखी कापडाची चौकोनी पेटी बांधायची, तिला हापा म्हणायचे, त्यात पाणवनस्पती टाकायची आणि नरमादी सोडायची. वनस्पतीला अंडी चिकटायची. तीन दिवसांत पिल्लं. पिल्लं जिऱ्याएवढी असली की जिरे, आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. ही बोटुकली गावोगावच्या तळ्यांत सोडायची, असा तो सगळा कारभार.

एका हिवाळ्यात, मार्गशीर्ष असेल, थंडी चांगली पडली होती. साहेबानं मोठे मासे बघायला जाळं ओढायला लावलं. मी काठावरून दोरी धरली, बाकीच्यांनी ओढलं. मासे वर आले तर त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके. मेणबत्ती कलली म्हणजे थेंब पडून गोठतात, अगदी तसे. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या शेपटीला, एकाच्या तर ओठावर. मी नखानं टोकरून बघितलं, निघेना.

साहेब खोलीत गेला, एक जाड पुस्तक घेऊन आला, पानं चाळली आणि म्हणाला, "हा रोग आहे. वायरस. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक."

मी मनात म्हणलं, दिसत नाही तर पुस्तकात कोणी बघून लिहिला?

"ज्यांच्या अंगावर मेण आहे ते सगळे काढ," साहेब म्हणाला. "खड्डा खण, चुना टाक आणि पूर. त्यांची अंडी घ्यायची नाहीत. समजलं?"

"समजलं साहेब."

काय डोंबल समजलं! मला भलतंच समजलं होतं. माझ्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण आहेत. इतके, की बायको म्हणायची, तुमना तोंडवर ज्वारी टाकी तं कोंबडीसले दिवसभर काम पुरी. म्हणजे देवीच्या बाबतीत मी काही ऐकीव माणूस नाही. माझ्या अंगावरून गेलेली गोष्ट. आणि अंगावर पांढरे उठवे आले म्हणजे काय आलं हे सांगायला मला पुस्तक लागत नव्हतं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. "मासास्ले माता उनी."

ती भाकरी थापत होती. हात थांबला. "मासास्ले?"

"आंगभर. आन साहेब म्हनस, खड्डामा पुरा."

"माताबाई घरमा उनी आन तिले खड्डामा पुरशात?" ती एकदम उठलीच. "डोकं फिरनं का तुमनं? पाव्हनीले कोनी हाकलस का? घर बुडी जाई!"

आमच्याकडे ही रीतच होती. माता आली म्हणजे रोग आला असं म्हणायचंच नाही, पाहुणी आली म्हणायचं. आजारी माणसाला घरातून हलवायचं नाही. दाराला निंबाचा डहाळा लावायचा. चुलीवर फोडणी टाकायची नाही, तळण करायचं नाही, तडतडलं की ती भडकते. गार खायला द्यायचं, दहीभात, शिळी भाकरी. आणि मग ती आपली खुशीनं जाते. माझ्या आईनं हे सगळं केलं म्हणून मी वाचलो. माझ्या दोन भावांच्या वेळीही तिनं हेच सगळं केलं होतं. ते दोघं वाचले नाहीत. पण हा हिशोब मी तेव्हा करत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी खड्डा खणला. चुना टाकला. गोणीत ओली पाणवनस्पती दाबून दाबून भरली, वरून दोन मेलेले मासे ठेवले, गोणीचं तोंड जरा उघडं ठेवून साहेबाला लांबून दाखवली आणि पुरली. साहेबानं नाकाला रुमाल लावला होता. आकडा त्यानं विचारलाच नाही. मला विसाच्या पुढं मोजता येत नाही हे त्याला माहीत होतं, त्यामुळे तो मला आकड्याच्या वाटेला लावत नसे. अडाणी असण्याचा मला जन्मात झालेला तेवढाच फायदा. त्याचाही मी असा उपयोग केला.

मग महिनाभर मी माशांची माता सांभाळली. तळ्याच्या चारी बांबूंना निंबाचे डहाळे बांधले. साहेबाला सांगितलं, कावळे येऊ नयेत म्हणून. रोज सकाळी दहीभात कालवून तळ्यात सोडायचो. माशांनी तो असा हाणला की बघत राहावं. मेले आजारी होते की जावई होते कळेना. आणि चुलीवर फोडणी बंद. साहेबासाठीसुद्धा. बिचारा महिनाभर पांढरं वरण आणि उकडलेलं वांगं खात होता. एक दिवस ताटाकडे बघत म्हणाला, "खानदेशात तिखट खातात असं ऐकलं होतं."

"हिवाळ्यात नाही खात साहेब," मी म्हणलं.

त्यानं ते वहीत लिहून घेतलं असेल, सांगता येत नाही.

संक्रांत झाली, ऊन जरा तापायला लागलं. माघात पुन्हा जाळं ओढलं तर माशांची अंगं साफ! एकाच्याही अंगावर मेण नाही. साहेब खुश. "बघितलंस? रोगट वेळेवर पुरले म्हणून बाकीचे वाचले."

मी हात जोडले. आत मात्र माझी छाती फुगून सदऱ्याचं बटण तुटायला आलं होतं. माता उतरली! कोणी उतरवली? आपण!

इथं गप्प बसला असता तर तो मी कसला. म्हसावदच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसून मी सगळं सांगून टाकलं. वनस्पतीची गोणी तेवढी वगळली. हां हां म्हणता मी माशांचा भगत झालो. लोक यायला लागले. एक जण लंगडी शेळी घेऊन आला. एका बाईची कोंबडी अंडी देत नव्हती. तापीकाठचा एक गूजर बागायतदार, चांगल्या हजारो केळी उभ्या असलेला माणूस, केळीचं ठिपके पडलेलं पान घेऊन आला आणि म्हणाला, "हाई बी माता शे का, देख बरं."

मी पान उन्हात धरलं. उलटं केलं. वास घेतला. म्हणलं, "उनी शे. पन चालनी शे." आलीय, पण निघालीय, असं ऐकून तो समाधानानं गेला. शहाणी माणसं किती पटकन समाधानी होतात हे मला तेव्हा कळलं, आणि ते कळल्यामुळे माझं जास्तच वाटोळं झालं.

आता माझ्या सासऱ्याचं सांगतो, कारण मार त्याला बसला.

सासरा खरा भोई. डोळे मिटून जाळं विणायचा. म्हसावदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. तिथं झऱ्याचं एक तळं होतं, बारमाही, पाणी असं गार की चैत्रातही पाय बधिर व्हावेत. ते तळं माशासाठी मिळावं म्हणून सासरा किती वर्षं पंचांच्या ओट्याशी बसत होता. त्याची दोन्ही पोरं परगावी ऊस तोडायला जायची. तळं मिळालं तर पोरं घरी राहतील, एवढं एकच त्याचं म्हणणं. गावातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, मासे सोडले तर पाणी नासेल, ढोरं तोंड लावणार नाहीत. शेवटी पंचांनी सांगितलं, एक वर्ष बघू. पाणी चांगलं राहिलं आणि मासा जगला तर तळं तुमचं. नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही.

म्हणजे त्याला डाव एकच. आणि तो त्यानं माझ्यावर लावला.

त्याच उतरलेल्या मातेच्या माशांची आम्ही अंडी घेतली होती. पिल्लं निघाली, वाढायला लागली. आणि मग एका सकाळी हाप्याच्या कडेला थोडी मेलेली दिसली. दुसऱ्या दिवशी जास्त. पोटं फुगलेली, अंगं काळी पडलेली. जिवंत होती त्यातली काही उलटी पोहत होती. मी काय केलं? साहेब उठायच्या आत चाळणीनं मेलेली गोळा करायचो आणि लांब नेऊन बगळ्यांना टाकायचो. ज्याच्या दाराशी लोक केळीची पानं घेऊन येतात, त्याच्याच तळ्यात मासे मरतात हे बाहेर गेलं तर? इतकी अब्रू मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. तिला जपायला मी पिल्लं मारली असती. मारलीच म्हणा.

होळीच्या आधी आठ दिवस सासरा बैलगाडीत मडकी घेऊन आला. मडक्यांत गवत, वरून ओली फडकी. साहेबानं चिठ्ठी दिली, हवी तेवढी बोटुकली काढून द्यायला सांगितली. मी मडकी भरायला लागलो. सासरा वाकून बघत होता.

"पाव्हना, ह्या काळा काबर दिखी ऱ्हायनात?"

"थंडी शे मामा. ऊन देखतीन तं गोरा व्हई जातीन."

"आन हाऊ? हाऊ उलटा का पोहस?"

"खेळी ऱ्हायना."

सासरा म्हणजे पन्नास वर्षं माशात गेलेला माणूस. पण माझं नाव बाजारात झालेलं होतं, आणि मी जावई. जावयाला कोण खोटं म्हणणार? तो म्हणाला, "तुमले कळस, बाबा," आणि मडक्यावर फडकं बांधलं. ते 'तुमले कळस' आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. लांबून मारायची सोय नाही म्हणून राहिलं.

तो गेल्यावर दोन दिवसांनी मी झोपलो जरा जास्त, आणि साहेब माझ्या आधी हाप्याशी गेला. सगळं बघितलं. काळी पिल्लं हातात घेऊन बसला.

"हे तर त्याच रोगाचं दिसतंय," तो म्हणाला. "पण तू ते मासे पुरले होतेस ना?"

"पुरले साहेब."

"सगळे?"

"सगळे."

त्यानं पुस्तकातलं ते पान पुन्हा काढलं. मग मला समजावलं, अगदी शांतपणे, मी त्याच्याच तोडीचा असल्यासारखं. म्हणाला, मोठ्या माशाला यात फारसं काही होत नाही. थंडीत मेण उठतं, पाणी तापलं की आपोआप गळून पडतं. माणसाला वाटतं बरा झाला. पण वायरस आतच राहतो, आणि पिल्लांना मारतो. गार पाण्यात तर हमखास.

आपोआप. दहीभात, निंब, साहेबाचं पांढरं वरण, माझी भगतगिरी, सगळं त्या एका शब्दात वाहून गेलं. ऊन तापलं, मेण पडलं. मी नसतो तरी पडलं असतं. मी म्हणजे आपणच दिवस उगवतो असं समजून बांग देणारा कोंबडा. त्यातही कोंबडा बरा, शेवटी रस्सा तरी होतो.

आणि मग दुसरा शब्द आठवला. गार पाणी. सासऱ्याचं तळं. तरी सांगायला मी गेलो नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी बोलावणं आलंच. सासऱ्याच्या गावचे दोघे आले होते. म्हणाले, पाटलांनी बोलावलंय, तळ्याची माता कोपली का ते विचारायचंय. मला वाटलं होतं सासऱ्यानं तक्रार केली असेल. छे! गावानं मला भगत म्हणून बोलावलं होतं. मानानं, गाडी पाठवून.

गेलो. तळ्याच्या कडेनं पांढरा पट्टा दिसत होता, भगर सांडल्यासारखा. जवळ गेल्यावर कळलं, मेलेली पिल्लं, पांढरी पोटं वर करून. नाक धरावं असा वास. ढोरं लांब उभी होती. तळ्याच्या वरच्या बाजूला निंबाखाली पंच बसले होते, मधोमध म्हातारा पाटील, सगळं गाव भोवती. सासरा एका बाजूला, एकटा. त्याची दोन्ही पोरं होळीला आलेली, मागं उभी.

पाटील म्हणाला, "तूच ना तो मासास्ना भगत?"

"हां पाटील."

"आमना तळानी माता कोपनी का, ते सांग. कोपनी व्हई तं मासा आजपासून बंद. भोईले सांगी देऊत, पोरे लई जा, ऊस तोड."

लोक चांगलं केलेलं तेवढं सांगतात. मी पहिल्यांदा काय केलं ते सांगतो. मी डोळे मिटले. मान हलवायला लागलो. खरंच! एवढी माणसं गाडी पाठवून बोलावतात आणि समोर बसून वाट बघतात, तर मान आपोआप हलते. मी घोगऱ्या आवाजात म्हणलं, "माताले गार नैवेद..."

"म्हंजे कोपनी?" पाटील पुढं झुकला.

मी एक डोळा उघडला तर नेमका सासरा समोर. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, मी दुसरा डोळा उघडलाच नसता. पण राग नव्हता. आशा होती. त्या गड्याला अजून वाटत होतं की जावयाला माता कळते, आणि जावई तिला काहीतरी सांगून समजावेल.

माझी मान थांबली.

"माता कोपनी नही पाटील," मी म्हणलं. "माता उनीच नव्हती. मासास्ले रोग व्हता. मले साहेबनी सांगं व्हतं, पुरी टाक. मी पुरा नही."

"मंग काय पुरं?"

"गवत."

कोणीतरी मागं फिसकन हसलं. पाटलानं हात वर केला. मी सगळं सांगितलं, गोणी, डहाळे, बगळे, उलटा पोहणारा मासा. सांगताना माझ्याच लक्षात आलं की हे ऐकायला भयंकर आहे. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं मधेच विचारलं, "दहीभात चारा?"

"चारा."

"मासास्ले?"

"मासास्ले."

"आन बायकोले काय चारं?"

"तिले ताक."

मग जे गाव हसलं! माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. ज्यांनी मासे सोडायला विरोध केला होता तेसुद्धा डोळे पुसत होते. नुसता पाटील हसला नाही. तो सासऱ्याकडे वळला आणि म्हणाला, "तुन्हा मासा वाईट नव्हता, भोई. तुन्हा जवाई वाईट शे. तळानी काय चूक?"

"काहीच नही," सासरा म्हणाला.

"पानी उपसा, तळ धुवा, चुना टाका. पावसाळा ऊना का चांगलं बी आना. आजून एक वरीस."

सासरा उठला. पंचांना हात जोडले. मला वाटलं, आता माझ्याकडे वळून काहीतरी बोलेल. पण त्यानं पोरांना फक्त एवढंच सांगितलं, "फावडं लई या."

मी त्यांच्या मागं निघालो. म्हणलं, चार हात लागतील. सासऱ्यानं मागं न बघता सांगितलं, "पाव्हना, तुमी तठेच बसा."

परत आल्यावर साहेबालाही सांगितलं, बाहेरून कळायच्या आत. माशांचं त्यानं निमूट ऐकून घेतलं. पण फोडणीचं कळलं तेव्हा चष्मा काढला. "महिनाभर? माझं वरण?" म्हणाला. मला वाटतं नोकरी माझी त्या वरणापायी गेली. बरोबर गेली.

पावसाळ्यात सासऱ्यानं दुसरीकडून बी आणलं, रोहूचं. मला विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मासा झाला. पोरं घरी राहिली, त्यांची लग्नं झाली. मी दिवाळीला सासरी जायचो तेव्हा सगळं व्यवस्थित व्हायचं, मान, पाट, ताटात मासा. फक्त जेवायच्या आधी बाकीचे पाव्हणे हातपाय धुवायला तळ्यावर जायचे, आणि मी उठलो की सासरा घरातून हाक मारायचा, "पाव्हनासले तांब्या आना रे." सासरा होता तोवर मी त्या तळ्यात बोट बुडवलं नाही. पाण्याला मी तसाही भितोच, म्हणून दाखवायला कारण होतं.